तायडेबाईंची जीप

तायडेबाईंची पहिली ओळख झाली ती त्यांच्या पायांमुळे. जळगावात मेहरूण तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला आम्ही घर भाड्याने घेतलं होतं. सामान उतरवताना शेजारच्या अंगणात लक्ष गेलं. तिथे एक भलीमोठी जुनी जीप उभी होती आणि तिच्याखालून दोन पाय बाहेर आले होते. खाकी पँट घोट्याच्या वर दुमडलेली, पायांत रबरी चपला आणि बोटांत जोडवी. पँटखाली जोडवी मी तोवर कधी पाहिली नव्हती, म्हणून मी तशीच बघत उभी राहिले.

"कोण आहे?" खालून आवाज आला.

"मी पाटील. शेजारी राहायला आलेय."

"बरं झालं आलात. तिथं विटेवर सोळा-सतराचा पाना आहे, तेवढा द्या."

मी हाताला लागला तो पाना खाली सरकवला. तो लगेच परत बाहेर आला. "हा चौदा-पंधरा. प्रत्येकावर आकडा असतो, वाचून द्या."

मी आकडा वाचून दुसरा पाना दिला, आणि मग अर्धा तास तिथेच पाने देत बसले. आमचं सामान अंगणात तसंच पडून होतं. दोन दिवसांनी ज्या मुलींच्या शाळेत मी मराठी शिकवायला रुजू झाले, तिथल्या शिक्षकखोलीत कडक इस्त्रीची पांढरी साडी नेसलेल्या एक बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "या, सोळा-सतरा." दहावीला गणित शिकवणाऱ्या शकुंतला तायडे त्या याच. नखांच्या कडांना काळी रेघ होती. ती कितीही साबण लावला तरी जायची नाही, आणि त्यांनी ती कधी लपवलीही नाही.

हे पंच्याऐंशी-शहाऐंशीचं सांगते आहे. जीप एका सरकारी खात्याच्या लिलावातून आली होती. लांब चेसिसची, मागे समोरासमोर बाकं, दाटीवाटीने बसले तर बारा माणसं मावतील अशी. आली तेव्हा तिला छप्पर म्हणून फाटकी ताडपत्री होती आणि एका बाजूचे स्प्रिंगचे पाटे बसल्यामुळे ती कायम डाव्या अंगाला झुकलेली असायची. बाईंनी ती विकत घेतली हे ऐकून शाळेत लोक हसले. गाडी घेणारी बाई त्या काळात जळगावात क्वचितच दिसायची, आणि गाडी दुरुस्त करणारी तर एकच होती.

बाईंचे यजमान, मधुकरभाऊ, भुसावळला रेल्वेत होते. रोज जाऊन येऊन करायचे. अतिशय शांत माणूस. त्यांना गाडी चालवता येत नव्हती, शिकायचंही नव्हतं. वळणावर ते डोळे मिटून घ्यायचे. बाई गाडीखाली असल्या की ते ओट्यावर भाजी निवडत बसत, आणि कुणी विचारलंच तर सांगत, "तिचं चाललंय. तासाभरात निघेल बाहेर."

बाई हे सगळं शिकल्या कुठे, हा प्रश्न त्यांना सगळेच विचारायचे. "खोललं की कळतं," एवढंच त्यांचं उत्तर असे. रद्दीच्या दुकानात त्यांना तशाच जीपचं इंग्रजी माहितीपुस्तक मिळालं होतं. इंग्रजी यथातथाच, पण त्यात आकृत्या होत्या, आणि ज्याला भूमिती येते त्याला आकृती वाचता येते असं त्यांचं म्हणणं. काहीही खोलायच्या आधी त्या जुन्या चादरीवर खडूने चौकोन आखायच्या, त्यांना नंबर द्यायच्या, आणि निघेल तो नट त्या-त्या चौकोनात ठेवायच्या. ती चादर कुणी ओलांडलेली त्यांना खपत नसे. आमच्या मांजरीला त्या एकदा असं काही ओरडल्या, की ती आठवडाभर त्या अंगणात गेली नाही.

पहिल्या दोन वर्षांत त्यांनी ताडपत्री काढून पत्र्याचं छप्पर बसवलं, सरकत्या काचा लावल्या, बाकांखाली हत्यारांसाठी पेट्या केल्या, पाटे बदलून गाडी सरळ उभी केली. बुद्धपौर्णिमेला गल्लीतल्या सगळ्या म्हाताऱ्या त्या जीपमधून विहारात जायच्या. चढायला त्रास होतो म्हणून बाईंनी मागे एक घडीची पायरी जोडली होती. पायरीची उंची ठरवण्यासाठी त्यांनी गल्लीतल्या आठ म्हाताऱ्यांचे गुडघे जमिनीपासून मोजले होते. मी स्वतः टेप धरला होता.

चुका त्यांच्याही व्हायच्या. एका रविवारी सकाळी मी चहा टाकत होते आणि बाहेर धाडकन आवाज झाला. जाऊन बघते तर जीपचं तोंड आमच्या अंगणात आणि कुंपणाची भिंत तिच्या पुढच्या चाकांखाली. बाई उतरल्या, विटा ओलांडून माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"चूक माझी. काल ब्रेक खोलले होते, रबर उलटं बसवलंय बहुतेक. कुणाला लागलं नाही ना?"

"नाही."

"मग तुमचा चहा होऊ द्या, मी बघून येते."

चहा होईपर्यंत त्यांनी चाक काढलं होतं. तळहातावर वाटीसारखं एक काळं रबर घेऊन त्या स्वयंपाकघराच्या दारात आल्या. "बघा. उलटंच." चेहऱ्यावर ओशाळेपण नव्हतं. वहीत चुकलेली पायरी सापडल्यावर असतो तसा भाव होता. पुढचे दोन रविवार त्यांनी ती भिंत स्वतः बांधली, ओळंबा लावून, आणि ती पहिल्यापेक्षा सरळ झाली. सोमवारी मात्र त्यांनी जे केलं ते मला जमलं नसतं. नववीच्या वर्गात फळ्यावर ब्रेकची आकृती काढून त्यांनी आपली चूक मुलींना समजावून सांगितली. एका मुलीने विचारलं, "बाई, तुम्हाला लाज नाही वाटली?"

"वाटली ना. मग रबर सुलटं बसवलं."

जीपचं सगळ्यात मोठं काम निघालं ते इंजिनाचं. मूळचं पेट्रोल इंजिन थकलं होतं. बाईंनी भंगारातल्या एका टेम्पोचं डिझेल इंजिन शोधून आणलं आणि ते जीपमध्ये बसवायचं ठरवलं. दोन्हींची मापं वेगळी, टेकू वेगळे. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी वहीभर आकृत्या काढल्या, पुठ्ठ्याचे साचे कापले आणि ते घेऊन रशीदभाईंच्या दुकानात गेल्या. मीही बरोबर होते. रशीदभाई लेथ आणि वेल्डिंगमधले जुने, नावाजलेले कारागीर. त्यांनी साचे बघितले, मग आम्हा दोघींच्या मागे कुणी पुरुष उभा आहे का ते बघितलं.

"बाई, हे मिस्तरीचं काम आहे. साहेबांना पाठवा, मी त्यांना समजावतो."

"साहेबांना यातलं काही कळत नाही. मला समजवा."

रशीदभाईंनी मग हातातलं काम बाजूला ठेवून बाईंचं एकेक माप स्वतः ताडून पाहिलं. चूक काढायचीच या इराद्याने. मापात चूक नव्हती. तरी त्यांनी मान हलवली. "कागदावर बरोबर आहे. पण वेल्डिंग थंड होताना लोखंड ओढतं. तुमचा पुठ्ठा ओढत नाही. इथं दीड सूत जास्त धरा, नाहीतर भोकं जुळणार नाहीत."

बाईंनी अंबाड्यात खोचलेली पेन्सिल काढली. "हे पुस्तकात नव्हतं. किती लांबीला किती ओढतं, सांगता?"

त्या दिवशी आम्ही तिथून तीन तासांनी निघालो. बाई विचारत होत्या, लिहून घेत होत्या आणि रशीदभाई खुलत चालले होते. निघताना ते म्हणाले, "बाईजी, माझी नसरीन तुमच्याच शाळेत आहे, आठवीत. गणितात बरी आहे का?"

"तुमच्यावर गेली आहे," बाई म्हणाल्या, "उत्तर बरोबर असतं, पायऱ्या लिहीत नाही."

इंजिन बसवलं त्या दिवशी अंगणातल्या कडुनिंबाला साखळी-कप्पी लावली होती. रशीदभाई साखळी ओढत होते, मधुकरभाऊ आणि मी इंजिन हलू नये म्हणून दोरखंड धरून, आणि बाई जीपच्या आत उकिडव्या बसून हाताने खुणा करत. इंजिन खाली उतरलं आणि चारही बोल्ट चारही भोकांतून आरपार गेले. रशीदभाई "वा" म्हणाले, एकदाच, पण मनापासून. मग चालू केलं तेव्हा एवढा आवाज आणि धूर झाला की समोरच्या घरातली माणसं बाहेर धावत आली. बाईंनी वर्गात करतात तसं बोट वर करून सगळ्यांना गप्प केलं, कान दिला आणि म्हणाल्या, "मागचा डावा बोल्ट सैल आहे." तो होता.

इंजिन बदललं म्हणून गाडी तपासणीला न्यावी लागली. तपासणारे साहेब बाईंना ओलांडून सरळ मधुकरभाऊंकडे गेले. "हे इंजिन कुणी बसवलं? ब्रेकवर परिणाम? वजन?"

मधुकरभाऊ म्हणाले, "मला काय विचारता? मी पॅसेंजर आहे."

साहेबांनी मग बाईंना विचारायला सुरुवात केली, आणि दहा मिनिटांनी विचारणं साहेबांनीच थांबवलं, कारण बाई वही उघडून प्रत्येक बोल्टचं माप सांगायला लागल्या होत्या. गाडी पास झाली.

आता धुळ्याची गोष्ट सांगते.

नसरीन दहावीत होती त्या वर्षी गणिताची एक स्पर्धा परीक्षा होती आणि तिचं केंद्र धुळ्याला होतं. आमच्या शाळेच्या नऊ मुली बसणार होत्या. बाईंनी त्यांना वर्षभर तयार केलं होतं. आदल्या संध्याकाळी कळलं की एसटीचा संप आहे. मुख्याध्यापिका म्हणाल्या, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी या मुली शाळेत नसणार होत्या. बाईंनी घरोघर जाऊन पालकांना विचारलं. नऊच्या नऊ जणांनी हो म्हटलं, आणि सकाळी सातला मुलींनी भरलेली जीप निघाली. पुढे बाईंशेजारी मी.

एरंडोल गेलं, पारोळा गेलं. मुली मागे प्रमेयं म्हणत होत्या. मुकटीच्या अलीकडे बाईंनी अॅक्सिलरेटर दाबला, पाय तळापर्यंत गेला आणि गाडी मात्र हळूहळू थांबली. इंजिन नुसतं गुरगुरत होतं. साडेनऊ वाजले होते, परीक्षा अकराला, आणि पुढे वीस किलोमीटर. रस्त्यावर संपामुळे चिटपाखरू नाही. मागे प्रमेयं थांबली.

बाईंनी बोनट उघडलं. "तार तुटली," त्या म्हणाल्या. पायाखालच्या दांडीपासून इंजिनाच्या पंपापर्यंत जाणारी तार. नवी तार जवळ नव्हती. पेटीत दोर होता, पण पंपाच्या दांडीचं भोक बारीक, त्यातून तो जाईना.

"पोरींनो, रिबनी सोडा."

वेण्यांच्या लाल रिबनी भराभर सुटल्या. बाईंनी त्या पिळून एकीला एक गाठवल्या, एक टोक पंपाच्या दांडीला बांधलं, बोनटच्या फटीतून बाहेर काढून माझ्या खिडकीतून आत घेतलं आणि माझ्या हातात दिलं.

"पाटीलबाई, आजपासून तुम्ही अॅक्सिलरेटर. ओढा म्हटलं की ओढायचं, सोडा म्हटलं की सोडायचं. मधे विचार करायचा नाही."

"माझ्यानं नाही होणार."

"होतं. ओढा."

मी ओढलं. इंजिन गरजलं आणि जीप उडी मारून निघाली. माझ्या तोंडून किंकाळी गेली. मुली आधी घाबरल्या, मग हसायला लागल्या, आणि दोन किलोमीटरनंतर बाईंच्या बरोबरीने नऊजणी ओरडायला लागल्या, "ओढा! सोडा! ओढा!" फागण्याजवळ एक बैलगाडी आडवी आली तेव्हा बाईंनी शांतपणे "सोडा" म्हटलं आणि ब्रेक दाबला. मला तिथे आमची भिंत आठवली. पण ब्रेक लागले. माझी बोटं रिबनीने कापत आली होती, डोळ्यांत पाणी आलं होतं, पण मी सोडा म्हटल्याशिवाय सोडलं नाही. आम्ही केंद्रावर पोचलो तेव्हा अकराला दहा कमी होते. नऊ मुली मोकळ्या केसांनी आत पळाल्या. बाई पाठमोऱ्या उभ्या राहून फाटक बंद होईपर्यंत बघत होत्या. मग त्यांनी माझा हात धरून उलटा केला आणि तळव्यावरचे लाल वळ बघितले. शेजारच्या टपरीवरून त्यांनी बर्फाचा तुकडा आणून दिला.

परीक्षेला तीन तास होते. बाईंचे वडील, आबा, धुळ्यातच राहायचे. ते तीस वर्षं सरकारी खात्यात जीपचे ड्रायव्हर होते. त्यामुळे लोकांना वाटायचं की बाईंनी लिलावात घेतलेली जीप आबांचीच. "नाही हो," बाई सांगायच्या, "ती कुठं गेली कोण जाणे. ही दुसरी." एकदा काम करता करता त्यांनी मला सांगितलं होतं की लहानपणी ती जीप रात्रंदिवस क्वार्टरच्या दारात उभी असे आणि घरातल्या कुणालाही तिच्यात बसायची परवानगी नसे. सरकारी वस्तू. बाईंना गोवर आला तेव्हाही आई त्यांना टांग्यातून दवाखान्यात घेऊन गेली होती. "आबांचं बरोबरच होतं," बाई म्हणाल्या होत्या आणि पाना फिरवत राहिल्या होत्या. आबांनी मात्र मुलीची ही जीप तोवर नीट पाहिलीही नव्हती. बाईमाणसाने गाडीखाली शिरावं हे त्यांना पसंत नव्हतं. जळगावला आले तरी ते अंगणाकडे पाठ करून बसत.

त्या दिवशी मी पुन्हा रिबनी ओढत जीप त्यांच्या दारात नेली. आबा काठी टेकत बाहेर आले. उंच, वाळलेले, पांढरा सदरा, गुंड्या गळ्यापर्यंत लावलेल्या. त्यांनी आधी माझ्या हातातल्या रिबनी बघितल्या.

"हाई काय शे?" त्यांनी अहिराणीत विचारलं.

"तार तुटली आबा. मुकटीपासून अशीच आणली."

आबांनी काठी भिंतीला टेकवली, बोनट उघडायला लावलं आणि आत वाकले. बराच वेळ वाकलेलेच होते. इंजिनाच्या टेकूवरून त्यांनी बोट फिरवलं, वेल्डिंगच्या रेघेवर नख ओढून पाहिलं.

"हाई बठ्ठं तू करं?"

"वेल्डिंग रशीदभाईंचं. बाकी मी."

आबा आत गेले आणि आपली सायकल बाहेर घेऊन आले. मागच्या ब्रेकची तार त्यांनी स्वतःच्या हाताने काढली. मग बाप-लेक दोघं त्या बोनटमध्ये डोकं घालून अर्धा तास काम करत होते. एक हात पुढे यायचा, दुसऱ्याने त्यात पक्कड ठेवलेली असायची. मी ओट्यावर बर्फ धरून बसले होते, मला कुणी काही मागितलं नाही.

तार बसली. बाईंनी गाडी चालू केली, दोनदा अॅक्सिलरेटर दाबून बघितला, आणि डावीकडचं दार उघडून म्हणाल्या, "आबा, बसा. एक चक्कर मारू."

आबा मागच्या बाकाकडे निघाले.

"तिकडं कुठं? पुढं बसा."

"पुढे सायेब बसतस," आबा म्हणाले. "मी मांगे बसस."

बाई खाली उतरल्या, गाडीला वळसा घालून आल्या आणि ते दार हाताने धरून उभ्या राहिल्या. पाठ ताठ, नजर समोर. तीस वर्षं आबा जसे उभे राहिले असतील तशा. आबांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग रस्त्याकडे. त्यांनी सदऱ्याची वरची गुंडी चाचपली आणि पुढच्या सीटवर चढून बसले. बाईंनी दार हळूच लावलं.

ती दोघं पांझरेच्या पुलापर्यंत जाऊन आली. परत आल्यावर आबा उतरेचनात. शेवटी बाईच म्हणाल्या, "पोरींचा पेपर सुटेल आता."

"आवाज बरा शे," आबा उतरताना म्हणाले. "पन दुसरा गेरमा जरा खरखर करस. देखी ले."

नऊपैकी चार मुली त्या परीक्षेत निवडल्या गेल्या. नसरीन त्यातली एक. पायऱ्या लिहायला ती शिकली होती. दुसऱ्या गिअरची खरखर बाईंनी पुढच्याच रविवारी काढली.

एक्क्याण्णव साली माझ्या यजमानांची बदली धुळ्याला झाली आणि आमचा शेजार सुटला. पत्रं सुरुवातीला येत होती. जीपला नवा रंग दिला, मागच्या बाकांना गाद्या केल्या, आबा गेले, मधुकरभाऊ निवृत्त झाले आणि अजून डोळे मिटतात. मग पत्रंही विरळ झाली. पुढे बाईही निवृत्त झाल्याचं कुणाकडून तरी समजलं.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं, सत्त्याण्णवच्या हिवाळ्यात. मी एसटीने धुळ्याहून जळगावला एका लग्नाला निघाले होते. पारोळ्याच्या पुढे रस्त्याच्या कडेला ती जीप उभी दिसली, बोनट उघडं. ओट्यावर बसावं तसे मधुकरभाऊ मैलाच्या दगडावर बसून पेरू खात होते. आमच्या ड्रायव्हरने गाडी हळू केली आणि खिडकीतून ओरडून विचारलं, "आजी, काय झालं? मिस्तरी पाठवू का?"

बोनटमागून एक पांढरं डोकं वर आलं. बाईंनी पान्यानेच पुढचा रस्ता दाखवला.

"तुम्ही निघा! पॅसेंजरला उशीर होईल!"

मी खिडकीची काच सरकवायला गेले, ती अडकलेली होती. मी आतून हाक मारली, काचेवर थापट्या मारल्या, पण त्या परत आत वाकल्या होत्या आणि एसटीने वेग घेतला होता. बायका माझ्याकडे बघायला लागल्या म्हणून मी गप्प बसले. साठी ओलांडलेली दोन माणसं उन्हात रस्त्यावर सोडून आलो, ही चुटपुट मात्र लागून राहिली.

एरंडोल यायच्या आधी मागून हॉर्न ऐकू आला. आमच्या ड्रायव्हरने आरशात पाहिलं, "आयला!" म्हणाला आणि गाडी कडेला घेतली. जीप आमच्या शेजारून पुढे निघाली. मधुकरभाऊ डोळे मिटून बसले होते. बाईंनी आमच्याकडे पाहिलं नाही. पुढचं वळण येत होतं, त्यांनी उजवा हात खिडकीबाहेर काढून वळणाची खूण केली, अगदी सरळ, खांद्याच्या रेषेत, आणि गाडी वळवली.